भट्टी विझवणारा वीर

लहानपणी मी एक सात मिनिटांचं कार्टून दोनदा पाहिलं आणि पुढची चाळीसहून जास्त वर्षं त्यातल्या नायकाची टिंगल करत राहिलो. तो मूर्ख नक्की कोणासारखा दिसतो हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

आमच्या कारापूरच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, तेव्हा एकच टीव्ही होता, शाळेतल्या गुरुजींच्या घरी. रविवारी सकाळी मुख्य कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी वेळ भरून काढायला कसलीकसली परदेशी कार्टुनं लावत. त्यातलंच हे एक. पाठीला झगा बांधून आकाशात उडणाऱ्या आणि जगाला वाचवणाऱ्या महावीरांची त्यात यथेच्छ खिल्ली उडवलेली होती. गंमत म्हणजे ते महावीर आम्ही तोवर पाहिलेलेच नव्हते. आम्ही नक्कल आधी पाहिली आणि अस्सल नंतर, त्यामुळे अजूनही सिनेमात कोणी झगा फडकवत छाती काढून उभा राहिला की मला आधी हसू फुटतं. शेजारच्या खुर्चीवरचे लोक रागावतात.

त्या कार्टुनातला वीर दिवसा कारकून असतो. कागदांवर शिक्के मारतो. कुठे संकट आलंय असं वाटलं की कपाटात शिरतो, कपडे बदलतो आणि कपाटाचं उघडं दार सोडून पाठची फळी फोडून बाहेर पडतो. त्याच्याकडे सगळं असतं. रुंद छाती असते, चौकोनी हनुवटी असते, तो उडायला लागला की आपोआप बँड वाजतो. फक्त संकट नसतं. एक बाई गाण्याचा रियाज करत असते, तिची तान ऐकून तो तिला खिडकीतून उचलतो आणि डोंगरावर सुखरूप नेऊन ठेवतो. शेवटी त्याला एका बेकरीच्या धुराड्यातून धूर येताना दिसतो. आग लागली म्हणून तो गावचं तळंच उचलून आणतो आणि पेटत्या भट्टीवर ओततो. गावाला पाव नाही. बेकरीवाला पाव काढायची लांब दांड्याची फळी घेऊन त्याच्या मागे धावतो, त्याच्या मागे सगळा गाव धावतो आणि वीराला वाटतं आपली मिरवणूक काढलीय. तो हात हलवत हलवत उडत जातो आणि कार्टून संपतं.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. दुसऱ्यांदा ते कार्टून पाहून घरी येताना तो रस्त्यात थांबला आणि म्हणाला, "ह्यां आपण गणपतीक करूया."

आमच्याकडे गणपतीच्या बाजूला चलचित्र करायची पद्धत आहे. पुठ्ठ्याची, लाकडाची माणसं उभी करायची आणि त्यांना खालून मोटार जोडून हलवायची. कृष्ण कालियाच्या फण्यावर नाचतो, वामन बळीच्या डोक्यावर पाय ठेवतो, मग पाय उचलतो आणि पुन्हा ठेवतो, असं पाच दिवस. लोक साखळी, मये, डिचोली अशा आसपासच्या गावांतून एकमेकांची चलचित्रं बघत फिरतात. दादा तेव्हा बारा वर्षांचा होता आणि वाड्यावरच्या मोठ्या माणसांना चलचित्रात मदत करायचा. त्याने घरी येऊन बाबांना त्या वीराबद्दल सांगितलं. आमचे बाबा सावंतवाडीकडून खाणीवर ट्रक चालवायला आलेले आणि इथेच राहिलेले, देवाच्या बाबतीत भलतेच कडक.

"देवाम्होरे माकडचाळे नको," बाबा म्हणाले. विषय संपला.

दादाचा मात्र संपला नाही. पुढे तो खाणीच्या वर्कशॉपात फिटर झाला, आमच्या घरचं चलचित्र स्वतः करायला लागला आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या राक्षसाला त्या कारकुनाची चौकोनी हनुवटी बसवत राहिला. कंसाला ती होती, हिरण्यकशिपूला होती, एका वर्षी तर कालियालाही होती. बाबा दरवर्षी समोर बसून हात जोडायचे. त्यांना ती हनुवटी शेवटपर्यंत ओळखता आली नाही. मी ओळखायचो आणि दादा माझ्याकडे बघून भुवया उडवायचा. आमच्या दोघांत इतकं सरळ, इतकं सोपं दुसरं काही नव्हतं.

माझं सांगायचं तर मी डिचोलीला एका कार्यालयात कारकून आहे. शिक्के मारतो. माझ्या आयुष्यातलं सर्वांत अवघड यंत्रकाम म्हणजे अडकलेला स्टेपलर सोडवणं, आणि त्यातही मी दोनदा बोट टोचून घेतलं आहे. चलचित्राच्या काळात माझी जागा ठरलेली होती, पडद्याच्या पुढे. येणाऱ्यांना नेवऱ्या म्हणजे करंज्या द्यायच्या, पाणी द्यायचं, "जरा पुढे सरका" म्हणायचं आणि कोणी वाहवा केली तर ती आपलीच असल्यासारखी मान डोलवायची. पडद्यामागे जायला मला कोणी मनाई केली नव्हती. मला कधी जावंसंच वाटलं नाही. मागे काळोख असे, ऑइलचा वास असे आणि दादा चड्डी-बनियनवर बसलेला असे. पुढे बायका कौतुक करत असत. बावीस वर्षं मी पुढेच राहिलो.

मग खाणी बंद पडल्या, दादा गॅरेजमध्ये जायला लागला आणि दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. पणजीच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. गोळ्यांनी चालणं बरंच सुधारलं, पण हात मांडीवर ठेवला की तो आपला आपण हलत राही. गेल्या वर्षी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी चलचित्रातल्या रामाचा हात निसटला. घर पाहुण्यांनी भरलेलं. दादा स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे आला आणि सगळ्यांसमोर त्याच्या हातून तोच स्क्रू तीनदा पडला. लोक चांगले होते. सगळे एकदम वर गणपतीवरच्या माटोळीकडे बघायला लागले, तिथे टांगलेल्या रानफळांची नावं एकमेकांना विचारायला लागले. मीही वर बघितलं. दादाने स्क्रूड्रायव्हर खिशात घातला, "पुरे झाला आता," एवढंच म्हणाला आणि आत गेला. उरलेले दिवस राम एका हाताने उभा होता. त्यानंतर दादाने हत्यारांची पेटी उघडली नाही. घरापुढच्या ओसरीवर, बाल्कांवावर, खुर्ची टाकून तो साखळीच्या बसेस बघत बसायला लागला. यंदा चलचित्र होणार नाही हे त्याने कोणाला सांगितलं नाही आणि आम्ही कोणी विचारलं नाही.

मला ते सहन होईना. चतुर्थीला गणपतीची डावी बाजू रिकामी राहणार, दादा त्या रिकाम्या जागेकडे बघत आरती म्हणणार, हे चित्र सारखं डोळ्यांसमोर येऊ लागलं. त्याला पुन्हा चलचित्रापाशी आणायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं. आणि मग एक दिवस कार्यालयात शिक्के मारता मारता माझी छाती रुंद झाली. मी ठरवलं, यंदा चलचित्र मी करणार. साधंसुधं नाही, दादाला बाराव्या वर्षी करायचं होतं तेच. बाबा जाऊन दहा वर्षं झाली होती, आता माकडचाळ्यांना कोण अडवणार? दादाला काहीही न सांगता सगळं तयार करायचं, चतुर्थीला पडदा उघडायचा, दादा बघतच राहील. तेव्हा बँड वाजला नाही एवढंच.

वहिनीला सांगणं भाग होतं. आमचं घर एकच, मध्ये भिंत घालून दोन भाग केलेले, भांडणासाठी नव्हे तर दोन स्वयंपाकघरांसाठी. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भावजी, करतास तां बरां. पण एकदा तेंका विचारलास तर?"

"नको, नको. त्याला त्रास नको," मी म्हणालो.

हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्यांदा म्हटलं की त्याचा शिक्का करून घेतला असता तर सोयीचं झालं असतं.

वहिनीने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. माळ्यावर दादाच्या सामानाची दोन पोती आहेत, ही पहिली. मी पुठ्ठ्याच्या वीराचं डोकं कागदाच्या लगद्यातून बनवून तिला दाखवलं तेव्हा तिने दुसरी सांगितली, "ह्यो तुमच्यासारखो दिसता." मी तिला म्हणालो की हनुवटी अजून ओली आहे.

पोत्यांत खाणीवरच्या टिपर ट्रकच्या काचा पुसणाऱ्या वायपरची मोटार होती, सायकलच्या चेनी होत्या, तंगूस म्हणजे मासे धरायच्या नायलॉनच्या दोरीची रिळं होती आणि लाकडी चकत्या होत्या. अकरा चकत्या. त्या बघून मला वाईट वाटलं. एकही सरळ नव्हती. एकीला कुबड आलेलं, दुसरीला खाच पडलेली, तिसरी अंड्यासारखी लांबट. मी निदान केलं की हा पावसाचा परिणाम. आमच्याकडे पावसात दारं फुगतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग माळ्यावर पडलेल्या चकत्या वाकड्या होणारच. बिचाऱ्या दादाला कळलं तर किती वाईट वाटेल, असं मनाशी म्हणत मी त्या खाली आणल्या.

तीन आठवडे मी रोज कार्यालयातून आल्यावर त्या चकत्या दुरुस्त केल्या. कंपास लावून वर्तुळ आखायचं, कुबड करवतीने कापायचं, मग खरखरीत पॉलिशपेपर, मग बारीक पॉलिशपेपर. खाच फारच खोल असली तर ती जाईपर्यंत सगळी चकती बारीक करायची. नाण्यासारख्या गोल झाल्या. वर व्हार्निश मारलं. प्रत्येकीला फायलीला लावतात तसं लेबल लावून क्रमांक घातला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपल्याही हातात कला आहे, कोणी तिकडे लक्ष दिलं नाही इतकंच. अकरावी चकती पूर्ण झाली त्या संध्याकाळी मी त्या खिडकीत ओळीने उभ्या केल्या आणि बायकोला चहा तिथेच आणून द्यायला सांगितलं.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी वहिनी दादाला घेऊन साखळीच्या बाजारात गेली आणि मी आमच्या बाजूच्या मधल्या खोलीत, जिथे गणपती बसतो तिथे, मांडणी केली. डावीकडे आमच्या वाड्यावरच्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी, वर धुराडं. भट्टीमागे फळी घेतलेला पोदेर. वर तंगुसावर लाल झगा घातलेला वीर, त्याच्या हातात बादली, तळं काही मला जमण्यासारखं नव्हतं. खाली मोटार, तिच्या दांड्यावर माझ्या अकरा चकत्या, चकत्यांवर टेकलेल्या पट्ट्या, पट्ट्यांतून वर गेलेली तंगुसं. पडद्यामागच्या एका जुन्या फोटोत जसं दिसत होतं तसंच जोडलं होतं. पुढे वहिनीच्या जुन्या साडीचा पडदा. मी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

मोटार सुरू झाली. अकराच्या अकरा चकत्या फिरायला लागल्या, एकही वेडीवाकडी नाही, आवाज नाही, खडखड नाही. वर मात्र काही हललं नाही. वीर हवेत लटकून होता, बादली सरळ होती, पोदेर भट्टीमागे शांत उभा होता. खाली सगळं जोरात चाललंय आणि वर काही घडत नाही, हा प्रकार मला कार्यालयामुळे परिचयाचा होता, तरी मी दहा मिनिटं वाट पाहिली. मग मी दुसरं निदान केलं की मोटार कमजोर झालीय. दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून पंपाची मोटार आणली. ती लावल्यावर मात्र हललं. झग्याचं टोक दांड्यात सापडलं, वीर खाली ओढला गेला, भट्टीवर आपटला, त्याचं डोकं निघून मोरीपर्यंत गेलं आणि घरातला फ्यूज उडाला.

पलीकडून दादाचा आवाज आला, "काय झाला रे?"

"काही नाही, मिक्सर," मी म्हणालो. तेव्हाही मी त्याला विचारलं नाही.

चतुर्थीच्या संध्याकाळी वाड्यावरची माणसं घुमट, शामेळ, झांज वाजवत घरोघर आरत्या म्हणत फिरतात. आमच्या घरी ती आली तेव्हा गणपतीच्या डावीकडे साडीचा पडदा होता आणि पडद्यामागे काहीही चालत नव्हतं. पुन्हा वायपरची मोटार लावली होती, वीराचं डोकं खळीने चिकटवलं होतं, त्याची मान थोडी मागे बघत होती. दादा नेहमीप्रमाणे आला, सगळ्यांच्या मागे दाराला टेकून उभा राहिला, हात मागे बांधून. आरती झाली. घुमट खाली ठेवून वाड्यावरचे बुवा म्हणाले, "पडदो उघडा मरे आता. बघूया तरी."

मी खाकरलो. काही तांत्रिक कारणास्तव, असं सुरू केलं. पुढे काय म्हणायचं होतं कोण जाणे. कारण दादा गर्दीतून वाट काढत पुढे आला, माझ्याकडे न बघता पडदा बाजूला करून आत गेला आणि पडदा पुन्हा ओढून घेतला. मी त्याच्या मागोमाग गेलो. दादा आत असताना पडद्यामागे जायची ती माझी पहिलीच वेळ.

दादा स्टुलावर बसला होता. मोटारीच्या दांड्यावर ओळीने बसवलेल्या चकत्यांकडे बघत होता. मी टॉर्च धरला. त्याने एका चकतीच्या कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, सगळीभर. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या. मला वाटलं तो कौतुक करतोय.

"बरां घासलंस," दादा म्हणाला.

"फार वाकड्या झाल्या होत्या," मी म्हणालो.

दादाने वर बघितलं. "वाकडेच होते ते. वाकडेपणानच हलता सगळां."

त्याने बोट टेकवून दाखवलं. कुबड वर आलं की पट्टी उचलली जाते, खाच आली की खाली पडते. वामनाचं पाऊल किती उचलायचं, किती वेळ थांबायचं, कृष्णाने कुठल्या ठेक्यावर उडी मारायची, हे त्याने एकेका कुबडात आणि खाचेत बसवलं होतं. एक चकती जमायला कधी कधी पूर्ण श्रावण जायचा. गोल चकतीवर टेकलेली पट्टी जन्मभर एकाच उंचीवर राहते. त्याची बावीस वर्षांची सगळी नाचणारी, मारणारी, आशीर्वाद देणारी माणसं मी तीन आठवड्यांत भुसा करून टाकली होती, आणि वर क्रमांक घातले होते. मी टॉर्च खाली केला.

"धर नीट," दादा म्हणाला. "तंगूस उरला काय?"

मी रीळ दिलं. त्याने वीराच्या पाठीची, झग्याची आणि बादलीची तंगुसं पट्ट्यांवरून सोडवली आणि नवीन तुकडे जोडून खाली घेतली. गाठी मारताना त्याला वेळ लागत होता. दोनदा टोक सुटलं. बाहेर लोक कुजबुजत होते. माझा हात मदतीला पुढे गेला आणि कसा कोण जाणे, मी तो मागे घेतला. गाठी झाल्यावर त्याने पाठीचं आणि बादलीचं तंगूस डाव्या हातात धरलं, झग्याचं उजव्या हाताच्या बोटाला गुंडाळलं आणि तो हात मांडीवर ठेवला.

"तू पोदेर," तो म्हणाला. "वीर माझो. मी बादली वोतल्याबगर मारू नको."

वहिनीने बाहेरून पडदा सरकवला, आम्ही भट्टीच्या आडोशाला. दादाने वीराला वर खेचलं. आणि त्याचा मांडीवरचा हात थरथरायला लागला, तसा झगा फडफडायला लागला. कोणत्याही मोटारीने तसा फडफडला नसता. थरथर, मग झपकन एक फलकारा, मग पुन्हा थरथर, जणू वीर खरंच वाऱ्यात उडतोय आणि आतून थोडा घाबरलेलाही आहे. मागे वळलेल्या मानेमुळे तो कुठे चाललाय हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. बाहेर हशा उसळला. हे दादाच्या हाताला हसतायत, असं मला वाटलं, आणि मी पोदेर सोडून पडदा ओढायला उठलो. पण लोकांना हात दिसतच नव्हता. त्यांना झगा दिसत होता. दादाने मला कोपराने खाली बसवलं आणि बादली ओतली, आणि मी घाईघाईने पोदेराची फळी मारली ती चुकून भट्टीवर बसली.

"वायच थांब म्हटलेलंय ना!" दादा कुजबुजला. तोही हसत होता. वर्षभरात मी त्याला तसं हसताना बघितलं नव्हतं. मला रडू आलं, पण फळी दोन्ही हातांत असल्यामुळे डोळे पुसता आले नाहीत.

बातमी पसरली. मयेहून, साखळीहून माणसं आली. हातांनी चालवलेलं चलचित्र त्यांनी बघितलं नव्हतं. दादा दिवसाला सहा-सहा खेळ करायचा, थकला की गोळी घ्यायचा, भिंतीला टेकायचा आणि पुन्हा बसायचा. मी पाच दिवसांत एकदाही वेळेवर फळी मारली नाही. कधी पाणी पडायच्या आधी, कधी वीर पार निघून गेल्यावर. लोकांना वाटलं तसंच बसवलंय. बुवा म्हणाले, पोदेर फार अतरंगी आहे. ही माझ्या कलेला मिळालेली एकमेव दाद.

तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, आम्ही दोघे पडद्यामागे पडून होतो. पुढची खोली रिकामी होती. मी म्हणालो, "दादा, चकत्यांचं मला कळायला हवं होतं. माफ कर."

त्याने शेजारचं तंगुसाचं रीळ गुंडाळून ठेवलं. मग म्हणाला, "माका ऐकाक येय होतां."

"काय?"

"भिंतीपलीकडसून. पॉलिशपेपर. गोल घासतंस तां आवाजावरनं कळता."

मी उठून बसलो. तीन आठवडे तो पलीकडे खुर्चीवर बसून ऐकत होता. एकेक चकती जात होती आणि त्याला कळत होतं.

"मग थांबवलं का नाहीस? एक हाक मारायची होतीस!"

"तू विचारूक येतलंस, असां वाटलां," दादा म्हणाला. "आज येतलो, उद्या येतलो. मी वाट बघी होतंय. चकत्ये काय, परत करूक येतत. वर्षभर कोणी माका एक स्क्रू धर म्हणून सांगाक नाय. तूय नाय."

मी म्हणणार होतो, तुला त्रास नको म्हणून. तोंडापर्यंत आलं होतं. पण ते खोटं होतं आणि त्या पडद्यामागे, त्याच्या शेजारी पडून ते म्हणायची मला लाज वाटली. त्याला त्रास होईल म्हणून मी विचारलं नव्हतं असं नाही. त्याचा थरथरणारा हात मला बघवत नव्हता. सगळे माटोळीकडे बघत होते तेव्हा सर्वांत आधी मान वर केली होती ती मी. वाचवायला निघालो होतो ते स्वतःला, आणि त्यासाठी त्याची चालू भट्टी विझवली होती. हे मी त्याला तसंच सांगितलं, भट्टीचं सोडून.

"माका ठावक आसा," दादा म्हणाला आणि कूस बदलून झोपला. मला मात्र त्या दुपारी झोप लागली नाही.

पाचव्या दिवशी विसर्जन. नदीवर जायला निघायची वेळ झाली, अंगणात सगळा वाडा जमला, घुमटं वाजायला लागली, गणपतीला पाटावर घेतलं. दादा आतून बाहेर आला. बाबांचा असायचा तसला पांढरा शर्ट घातला होता, नवा, आणि तो पुढून पूर्ण उघडा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की वर्षभर दादा गळ्यातून घालायचे टीशर्ट वापरत होता. सणाला, लग्नाला, बाराव्याला, सगळीकडे. आम्ही म्हणायचो दादा या वयात तरुण झाला.

तो वहिनीकडे गेला नाही. सगळ्यांच्या मधून सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बटणां लाय," तो म्हणाला.

वाजवणारे बघत होते. बुवा बघत होते. मी वर माटोळीकडे बघू शकलो नाही, अंगणात माटोळी नव्हती. मी त्याच्या गळ्यापासून सुरुवात केली आणि भराभर लावत खाली आलो. शेवटी एक बटण उरलं आणि त्याला काजच नव्हतं. वरून एक घर चुकलं होतं. शर्टाची एक बाजू वर, एक खाली.

दादाने मान वाकवून बघितलं. "आनी तोंड असां करू नको," तो म्हणाला. "मी अजून मरूक नाय."

मी सगळी बटणं काढली आणि पुन्हा गळ्यापासून लावायला लागलो, या वेळी एकेक, सावकाश. दादा हात मोकळे सोडून उभा होता आणि उजवा हात सगळ्यांसमोर थरथरत होता. गणपतीचा पाट खांद्यावर घेतलेली माणसं थांबली होती. कोणीही दुसरीकडे बघत नव्हतं.